रुपयाच्या खेळाचे सुतक

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला बालपण आठवावे यात नवल काही नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने विटीदांडूचे आणि चाळीच्या गच्चीचे गोडवे गाइले. आता पाळी आमची आहे. आमच्या पिढीने गळा काढण्यासाठी निवडले आहे ते व्हिडिओ गेमचे पार्लर. रुपया टाकायचा, दांडी धरायची, बटणे बडवायची आणि लाइफ संपल्या की मुकाट्याने बाजूला व्हायचे. आमच्या मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत बारसे असो की सत्यनारायण, पंचेचाळिशीचे चार पुरुष एकत्र आले की प्रसादाची वाटी हातात असतानाच हा विषय निघतो. "ते दिवस गेले हो!" असा एक उसासा पडतो, आणि लगेच पुढचे ठरलेले वाक्य येते, "आताची पोरे बघा, दिवसभर मोबाइलमध्ये डोके!"

या दोन वाक्यांच्या मध्ये जे दडवले जाते, त्याविषयी मला लिहायचे आहे. सणासुदीच्या दिवसांत कडू बोलतो म्हणून वाचकांनी क्षमा करावी. पण हे सुतक खोटे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मेले आहे एक आणि ही मंडळी रडत आहेत दुसऱ्याच्याच नावाने.

प्रथम त्या यंत्राची कुळकथा पाहू. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने 'पाँग' नावाचा खेळ काढला. कॅलिफोर्नियात सनीव्हेल गावच्या एका मद्यालयात त्याचा पहिला नमुना ठेवला होता, तो थोड्याच दिवसांत बंद पडला. बनवणारे ॲलन अल्कॉर्न यांनी यंत्र उघडून पाहिले, तर आत नाण्यांचा डबा तुडुंब भरून वाहत होता! या धंद्याचा जन्म असा गल्ल्याच्या पोटी झाला. पुढे १९७८ साली जपानात निशिकादो यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, १९८० साली इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. खेळ बदलले, पण हिशेब तोच राहिला. यंत्र मुलाला जितक्या लवकर हरवील, तितके दुसरे नाणे लवकर पडेल. मुलाला हरवणे हाच ज्याचा धंदा, त्याला आज 'निरागस' म्हणून ओवाळणे हे मला पटत नाही.

आणि तेव्हाचे वडीलधारे काय म्हणत होते? पोरे बिघडली, अभ्यास बुडाला, पैसे चोरू लागली! प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९५ साली कर्नाटकातल्या पार्लरवाल्यांच्या दाव्यात न्यायालयाने असे खेळ परवान्याखाली आणण्याचा पोलीस आयुक्तांचा अधिकार उचलून धरला. ज्यांना तेव्हा हे सारे ऐकावे लागले, तीच पोरे आज बाप होऊन आपल्या पोरांना तेच शब्द ऐकवीत आहेत. शिवाय आणखी एक गोष्ट या गोडव्यांत कधी येत नाही. तिथे मुली कुठे होत्या? मुलींनी आणि बायकांनीही यावे म्हणून आपण 'पॅक-मॅन' तसा गोजिरवाणा केला, असे खुद्द इवातानी सांगत आले आहेत. आमच्याकडच्या त्या अंधाऱ्या, धुराने भरलेल्या गाळ्यात मुलगी पाऊल टाकीत नसे. तेव्हा 'आमचे बालपण' म्हणताना ते अर्ध्याच लेकरांचे होते, एवढे तरी लक्षात ठेवावे.

मग त्या गाळ्यात चांगले काहीच नव्हते काय? होते, आणि तेच नेमके ही मंडळी विसरली आहेत.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' नावाचा खेळ १९९३ साली निघाला. हे लांबलचक नाव आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हते. त्यात चार गडी होते; पैकी पिवळ्या टोपीच्या गड्याचे नाव मुस्तफा, म्हणून साऱ्या देशातल्या पोरांनी त्या खेळाचेच नाव 'मुस्तफा' ठेवून टाकले. स्टेशनाकडच्या एका गाळ्यात हे यंत्र होते. खेळ तिघांनी मिळून खेळण्याचा. आमच्या यंत्राला दांड्या मात्र दोनच. दोघे खेळत आणि मागे आठ जण उभे. रुपया एकाचा, पण खेळ दहा जणांचा. ज्याच्या खिशात दमडी नसे तो सर्वांत मोठ्याने सल्ले देई, आणि त्याला कुणी हाकलीत नसे. पुढचा नंबर कुणाचा, हे काचेच्या कडेला ठेवलेल्या नाण्यांवरून ठरे. ते नाणे कुणी उचलून नेल्याचे मी पाहिले नाही. त्या घोळक्यात पूनम सागरचा कोण आणि पलीकडच्या नया नगरचा कोण, हे विचारण्याची गरजच पडत नसे. मुस्तफा सगळ्यांचाच होता. जानेवारी २०२४ मध्ये याच परिसरात दोन समाजांत तणाव उसळला, तेव्हा मला हे फार आठवले. दोन रस्त्यांच्या अंतरावर राहणारी माझ्या वर्गातली मुले एकमेकांना नावानेसुद्धा ओळखत नव्हती.

हरवला आहे तो हा घोळका. यंत्र हरवलेलेच नाही. १९९७ पासून 'मेम' नावाची एक प्रणाली आहे. तिच्यामुळे ते जुने खेळ जसेच्या तसे घरच्या संगणकावर, आणि आता फोनवरही, चालतात. माझ्या एका मित्राने मोठ्या हौसेने 'मुस्तफा' फोनवर घेतला. नाणे नको, लाइफ हव्या तेवढ्या! दहा मिनिटांत कंटाळून त्याने फोन खाली ठेवला. खेळ तोच, गडी तोच, टोपीही पिवळीच. फक्त पाठीमागे उभे राहून "अरे, उडी मार!" म्हणून ओरडणारे कुणी नव्हते.

आता मोबाइलविषयी. त्याची वकिली मी करणार नाही. पार्लरचे यंत्र निदान रोखठोक होते. एका डावाची किंमत किती, हे नाण्यावरच छापलेले असे, आणि 'गेम ओव्हर' झाले की पोरगा घरी जाई. फोनवरच्या खेळाला दार फुकटचे, पण आत पावलोपावली दुकान; आणि 'संपले' हा शब्द त्याच्या कोशातच नाही. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी' बंद केला; २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. उत्तम झाले. पण बंदीने पोराच्या हातातला एक खेळ जातो, त्याला उभे राहायला जागा मिळत नाही.

आणि ती जागा कुणी घेतली? मोबाइल कंपनीने नव्हे. मुंबईच्या कुठल्याही उपनगरातल्या सोसायटीत जाऊन पाहा. फाटकाशीच पाटी असते, 'आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे'. चेंडू काचेला लागतो, गाडीला ओरखडा पडतो, दुपारची झोप मोडते. अशी पाटी लावण्याचा ठराव एका सभेत माझ्यासमोर आला. मी विरोधात हात वर केला. तो हात एकटाच होता. ठरावाच्या बाजूने ज्यांचे हात वर गेले, त्यांत 'मुस्तफा'साठी उसासे टाकणारे निम्म्याहून अधिक होते. संध्याकाळी हेच गृहस्थ पोराला मॉलमध्ये नेतात, तिथल्या गेम झोनचे कार्ड शेपाचशे रुपयांनी भरून देतात आणि आपले बालपण पोराला दिले म्हणून समाधान पावतात.

कुणी म्हणेल, "मास्तर, भाषण ठीक आहे, पण जागा आणायची कुठून?" जागा आहे. ती आपल्याला दर दिवाळीला दिसते. या चार दिवसांत पोरे आवाराच्या कोपऱ्यात माती आणून किल्ला करतात. मावळे मांडण्यावरून भांडतात, अळीव पेरतात, मुली पाणी घालतात, आणि आईने हाक मारल्याशिवाय कुणी घरी जात नाही. फोन कुठल्या खिशात आहे याची कुणाला शुद्ध नसते. भाऊबीज झाली की माती उचलली जाते आणि त्या कोपऱ्यात पुन्हा स्कूटर उभी राहते.

माझी मागणी एवढीच आहे. यंदा तो कोपरा स्कूटरला परत देऊ नका. तिथे एक कॅरमचा बोर्ड ठेवा, वर एक दिवा लावा, आणि मुलामुलींना रात्री नऊपर्यंत हवा तेवढा गोंगाट करू द्या. शेजारच्या इमारतीतली पोरे आली तर त्यांना फाटकावर अडवू नका. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घाला. तोवर "ते दिवस गेले" असा उसासा तरी कुणी टाकू नये. ते दिवस आपले आपण गेलेले नाहीत. ते घालवण्याचा ठराव झाला आहे, आणि सूचक-अनुमोदकांची नावे इतिवृत्तात कुणालाही वाचता येतील.