दुबईचा व्हिसा आला, पण कसला? ‘व्हिजिट’वर कामाला जाण्यातली गोम

खेड, दापोली, मंडणगडात वाडीगणिक एखादा माणूस आखातात असतोच. ‘व्हिसा आला’ म्हटलं की पेढे वाटले जातात. व्हिसा कसला, हे मात्र कोणी विचारत नाही.

एजंटचं ठरलेलं वाक्य असतं, “आता व्हिजिटवर जा, तिथे बदलून देतो.” हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच माणूस फसतो. दुबईत व्हिजिटचा कामाच्या व्हिसात बदल होतो, पण एखाद्या कंपनीने तुमच्या नावाचा परवाना काढला तरच. तोवर एक दिवस काम केलं तरी ते बेकायदा. मुदत संपली की दिवसागणिक दंड. आणि पगार बुडाला तर तक्रार कुठल्या कागदाच्या जोरावर करणार?

मग एजंटला व्हिजिटच का आवडतो? दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशा माणसाला नोकरीसाठी आखातासह १८ देशांत जाताना सरकारी मंजुरी लागते. १९८३ चा कायदाच आहे तसा. त्यासाठी मालकाचं नाव, करार, पगाराचा आकडा ई-मायग्रेट पोर्टलवर चढवावा लागतो. शिवाय १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा, हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये. फिरायला जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. एजंटची कटकट वाचते, पण उद्या साइटवर परांचीवरून पडलात तर त्या विम्याचा एक रुपया घरी येत नाही.

फीचंही तसंच. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दागिने गहाण टाकणाऱ्यांना हा आकडा कोणी सांगतच नाही.

दहावी-बारावी झालेल्या पोरांना मंजुरी लागत नाही, म्हणून ती जास्त सुरक्षित असंही नाही. थायलंडला व्हिसाशिवाय जाता येतं, तिथे ‘डेटा एंट्री’ची नोकरी म्हणून नेलं आणि म्यानमारच्या सायबर फसवणूक अड्ड्यांवर डांबलं, असे प्रकार झालेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५०० हून अधिक भारतीयांना तिथून सोडवून आणलं.

तेव्हा पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिसा मोठा करून बघा. त्यावर कामाचा प्रकार आणि कंपनीचं नाव आहे का? एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर सापडतो का? आधीच दुबईत अडकलेल्यांसाठी भारतीय सहायता केंद्राचा तिथला फुकट नंबर आहे: ८००-४६३४२.