विष दुधात उतरण्याआधी

सकाळी सहाला आमच्या गावच्या संकलन केंद्रावर रांग लागते. कॅन रिकामा होतो, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफचे आकडे छापलेली पावती हातात येते. गेल्या आठवड्यात माझ्यापुढच्या मावशींनी 3.8 फॅट बघून पावती कमरेला खोचली आणि समाधानाने घराकडे वळल्या. त्या पावतीवर जे छापून येत नाही, त्याबद्दल आज लिहायचे आहे.

पावसाळ्यात पेंडीची गोण ओल धरते. आत हात घातला तर गरम लागते, गठळ्या झालेल्या असतात, फोडल्या की हिरवट पूड बोटांना लागते. ‘जनावराला काय होतंय,’ म्हणत ती घमेल्यात पडते. शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, मका यांवरची ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. गाईच्या यकृतात त्याचे रूप बदलते आणि एम-1 म्हणून ते दुधात उतरते. यकृताच्या कर्करोगाशी नाते असलेले हे विष उकळूनही जात नाही. पोराच्या पेल्यात ओतण्याआधी दोनदा दूध उकळणाऱ्या आईला हे कुणी सांगितलेलेच नसते.

आपण भेसळीवर खूप बोलतो. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून 6,432 नमुने तपासले, तेव्हा आरोग्याला घातक भेसळीचे 12 निघाले आणि अफ्लाटॉक्सिनची मर्यादा ओलांडणारे 368. पिशवीबंद दुधात हे प्रमाण सुट्या दुधापेक्षा जास्त होते. आपल्याकडची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये 5 मिलिग्रॅम. युरोपची मर्यादा याच्या दहावा हिस्सा. एवढेसे विष नाकाला कळत नाही, जिभेलाही नाही. प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्राला कळते, पण तिथून अहवाल येईपर्यंत दूध पिऊन झालेले असते.

म्हणून जैवसंवेदकाचे मला महत्त्व वाटते. नेमके हेच विष ओळखणारे प्रतिपिंड पट्टीवर किंवा इलेक्ट्रोडवर बसवायचे. विष त्यांना चिकटले की रेघ फिकी पडते किंवा विद्युतसंकेत बदलतो. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने तर जिवाणूंचे बीजाणूच कामाला लावले. दूध स्वच्छ असेल तर ते रुजतात आणि रंग उमटतो. विष असेल तर रुजणे अडते.

मात्र हे साधन टँकर येतो त्या डेअरीच्या फाटकावर बसवून भागणार नाही. तिथे शंभर गोठ्यांचे दूध एक झालेले असते, आणि ते नाकारले तर मार बसतो शेतकऱ्याला. पट्टी गावच्या बल्क कूलरपाशी हवी. कूलरमध्ये विष दिसले तर कॅनकडे, कॅनमध्ये दिसले तर गोणीकडे जाता येते. बाधित पेंड थांबवली की काही दिवसांतच दूध निवळते. हाताशी इतका सोपा उपाय आहे, म्हणूनच उशिरा येणाऱ्या अहवालाचा मला राग येतो.

पट्टीचा खर्च दूध उत्पादकाच्या माथी मारू नये. कितीतरी दूधसंघ पशुखाद्यही विकतात. त्यांनी गोण गोदामातून बाहेर पडण्याआधीच तपासावी, आणि खराब निघाली तर बदलून द्यावी. मावशींनी ती पैसे मोजून घेतलेली असते, पुष्कळदा दुधाच्याच बिलातून कापून.