शेळीच्या दुधाचं चीज



घरच्या पनीरवर लिहिलेला लेख वाचून एका ताईंनी विचारलं आहे, "बेंगळुरूच्या बाहेर कनकपुरा रोडला आमची अर्धा एकर जागा आहे. दोन दुधाच्या शेळ्या पाळून घरच्या घरी चीज करता येईल का? नवरा म्हणतो, व्हिडिओत सगळं सोपं दिसतं."

ताई, करता येईल. पण शेळी हा माझ्यासाठी नुसता पाककृतीचा विषय नाही. त्यामुळे आधी थोडं घरचं सांगते, मग कृती आणि मग हिशेब.

माझं माहेर माणदेशातलं, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पाऊस तिथे वाट चुकल्यासारखा कधीतरी येतो. गाय-म्हैस पोसायला चारा-पाणी लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. आईकडे चार शेळ्या होत्या. बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा, जे मिळेल ते खाऊन त्या जगायच्या. दूध निघायचं ते चहापुरतं. आणि अंगाला वास यायचा. पाचवीत वर्गातल्या एका मुलीने नाक दाबून "शेरडं आली" म्हटलं, त्या दिवसापासून मी ते दूध सोडलं. आई काही बोलली नाही. माझा चहा कोरा करायला लागली.

पुढे माझ्या अकरावीच्या प्रवेशाला दोन बोकड विकले. तो वास फीच्या नोटांना मात्र आला नाही.

आता बेंगळुरूत येऊन अठरा वर्षं झाली. मध्यंतरी एका मोठ्या दुकानात काचेआड एक पांढरी वडी दिसली. शेळीचं चीज. किंमत बघितली, तर तेवढ्यात आईचा आठवड्याचा बाजार झाला असता. घेतलं, घरी आणलं, पोळीला लावून खाल्लं. आणि पहिल्या घासाला पाचवीचा वर्ग आठवला. तोच वास होता, फक्त महागाचा.

या वासाला शास्त्रात नावं आहेत. शेळीच्या दुधातल्या स्निग्धांशात कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही आम्लं जास्त असतात, आणि तिन्ही नावं 'काप्रा' म्हणजे शेळी या लॅटिन शब्दावरून आली आहेत. बोकड माजावर असताना त्याचा वास फार उग्र असतो. तो धारेच्या जागेजवळ बांधला, तर दुधालाही वास लागतो. म्हणून बोकड लांब, भांडं स्वच्छ, आणि काढलेलं दूध लगेच गार करायचं. एवढं पाळलं तर ताज्या दुधाला जवळजवळ वास येत नाही. आमच्याकडे बोकड आणि शेळ्या एकाच दावणीला असायच्या. माझी लाज त्या दावणीपाशीच सुरू झाली होती, हे मला चाळिशीत कळलं.

संक्रांतीला माहेरी गेले ती थर्मामीटर आणि मलमलचं कापड घेऊनच. आईला बेत सांगितला. ती म्हणाली, "चांगलं दूध मुद्दाम नासवायचं व्हय गं?"

आपल्याकडे दूध नासणं म्हणजे अपशकुन. नासलं की बाई मनातून खट्टू होते, कुणाला सांगत नाही, गूळ घालून आटवते आणि मुलांना खरवस म्हणून देते. अशा घरात दोन लिटर दूध लिंबू पिळून फाडायला मी निघाले होते. आणि झालंही तसंच. दूध खदखदा उकळलं, त्यातच लिंबू पिळलं, रात्रभर बांधून ठेवलं. सकाळी रबराचा कोरडा गोळा. आईने तो मुकाट्याने कुस्करला, कांदा-मिरचीवर परतला आणि भाकरीबरोबर वाढला. मग म्हणाली, "आगं, चक्क्यासारखं बांध की. इरजण लाव, नासवतीस कशाला?"

तिला माहीत नव्हतं, पण फ्रान्समधले शेतकरी ताजं शेळीचं चीज जवळपास असंच करतात. कोमट दुधाला जिवाणूंचं विरजण, बरोबर रेनेटचा एखादा थेंब, बारा-पंधरा तास थांबायचं, आणि मग कापडात टांगून पाणी निथळू द्यायचं. आपल्या श्रीखंडाचा चक्का त्याचा सख्खा भाऊच. साखरेऐवजी मीठ घातलं की झालं.

कृती, दोन प्रकारे

पहिली, चक्क्याची. शेळीचं दोन लिटर दूध उकळा आणि कोमट होऊ द्या. दोन चमचे ताजं दही घालून हलवा आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात आठ तास पुरतात, बेंगळुरूच्या थंडीत बारा लागतात. हे दही गाईच्या दह्यासारखं घट्ट लागत नाही. शेळीच्या दुधातल्या प्रथिनांची घडणच मऊ दह्याची आहे, त्यामुळे बिघडलं असं समजू नका. मलमलच्या दुहेरी कापडात बांधून फ्रिजमध्ये, खाली भांडं ठेवून, रात्रभर टांगा. सकाळी पाऊण चमचा मीठ, भरडलेली मिरी, आवडत असेल तर ठेचलेली लसूण. लोण्यासारखं पसरणारं चीज तयार.

दुसरी, घाईची. दूध ८५ अंशांपर्यंत तापवा, म्हणजे कडेला बुडबुडे येऊ लागले की गॅस बंद. दोन मिनिटं थांबा. चार मोठे चमचे व्हिनेगर किंवा लिंबूरस तेवढ्याच पाण्यात मिसळून हळूहळू घाला आणि हलक्या हाताने ढवळा. दहा मिनिटांत चोथा आणि हिरवट पाणी वेगळं होतं. कापडात घालून तास-दीड तासच टांगा. माझ्यासारखं रात्रभर विसरू नका.

दोन लिटरमध्ये साधारण पाव किलो चीज निघतं, चक्क्याच्या पद्धतीने थोडं जास्त. फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. उरलेल्या पाण्यात कणीक भिजवा.

चीज पांढरंशुभ्र होईल. गाईच्या दुधातला पिवळेपणा कॅरोटीनचा असतो. शेळी जवळजवळ सगळ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून रंग उरत नाही. स्निग्धांशाचे कण बारीक असल्यामुळे वर जाड सायही धरत नाही. आईला साय येत नाही म्हणून हे दूध हलकं वाटायचं. हलकं म्हणजे पचायला हलकं असं लोक म्हणतात, आणि हलकं म्हणजे कमी प्रतीचं असंही.

कच्चं दूध नको

हा मुद्दा ठळक सांगते. शेळ्यांतून माणसाला ब्रुसेलोसिस नावाचा आजार होऊ शकतो. महिनोनमहिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, गरोदर बाईला जास्त धोका. त्यामुळे दूध उकळूनच वापरा, चीजसाठीसुद्धा. गाभडलेल्या शेळीच्या झारेला, वाराला उघडा हात लावू नका.

एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचं दूध देऊ नका, त्यात फोलेट फार कमी असतं. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळीचंही चालत नाही, कारण प्रथिनं मिळतीजुळती असतात. आणि डेंग्यूच्या दिवसांत "प्लेटलेट्स वाढवायला शेळीचं दूध" असे निरोप फिरतात, त्याला वैद्यकीय पुरावा नाही. ताप आला की डॉक्टर गाठा.

आता शेळीचा हिशेब

ताई, एक शेळी पाळू नका, किमान दोन. शेळी कळपातला जीव आहे, एकटी राहिली की दिवसभर ओरडते. साधारण ३० किलोच्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा चारा लागतो, किलोभर सुका, आणि दुधावर असेल तर पाव किलो खुराक. शेवरी, सुबाभूळ, हादगा बांधावर लावा. बसायची जागा कोरडी हवी. ओल शेळीला पावसापेक्षा जास्त बाधते. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी आणि जंताचं औषध पशुवैद्यकाला विचारून वेळेवर द्या. शहराच्या हद्दीत जागा असेल तर पालिकेचे नियम आधी बघा.

दूध किती? आपल्या महाराष्ट्रातल्या उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या जाती मुख्यतः मांसासाठी पाळल्या जातात. करडांचं पोट भरून घराला दिवसाला अर्धा लिटर मिळालं तरी पुष्कळ, आणि तेही तीन-चार महिने. सुरती किंवा पंजाबकडची बीटल यापेक्षा जास्त देते, युरोपातली सानेन त्याहून जास्त. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत बीटलचा सानेन आणि अल्पाइनशी संकर करून दुधाळ शेळ्या तयार केल्या गेल्या. पण जास्त दुधाच्या शेळीला चारा, निगा आणि डॉक्टरही जास्त लागतो.

जगात शेळीचं दूध सर्वात जास्त आपल्या देशात निघतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळपास १४.९ कोटी शेळ्या होत्या. तरी देशाच्या एकूण दुधात त्यांचा वाटा जेमतेम ३ टक्के. कारण हे दूध डेअरीपर्यंत जातच नाही. ते घरात, चहात आणि करडांच्या पोटात संपतं.

बरीचशी शेळी बाईच्या हातात असते. आमच्याच तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांनी माण देशी महिला सहकारी बँक सुरू केली. त्यांच्या माण देशी फाउंडेशनने पुढे गावातल्या बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं आणि औषधोपचाराचं शिक्षण दिलं. आता पिशवी घेऊन दारोदार जाणाऱ्या या बायकांना लोक शेळीच्या डॉक्टर म्हणतात. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था शेळ्या-मेंढ्यांच्या सुधारणेवर कित्येक वर्षं काम करते आहे. तुम्हाला पाळायच्याच असतील, तर व्हिडिओ बघण्याआधी अशा ठिकाणी चार दिवस राहून या.

करडाचं काय?

ही गोष्ट व्हिडिओत सहसा नसते. शेळी दूध देते ती व्याल्यावर. पाच महिन्यांची गाभण, मग एक किंवा दोन करडं. त्यातली निम्मी बोकड होणार. पाट ठेवता येते, बोकड किती ठेवणार? तुम्ही शाकाहारी असलात तरी चीजच्या वाटीमागे एक बोकड उभा असतो. तो विकायचा की सांभाळायचा, हे शेळी आणण्याआधी घरात बसून ठरवा. मुलं त्याचं नाव ठेवण्याआधी ठरवा.

गांधीजींनाही या प्रश्नाने सोडलं नाही. जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणारा छळ कळल्यावर त्यांनी दूध सोडलं होतं. आजारातून उठताना, १९१९ च्या जानेवारीत मुंबईत, डॉक्टर दलालांनी दुधाचा आग्रह धरला. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीचं चालेल. त्यांनी ते घेतलं, पण व्रताचं अक्षर पाळलं आणि आत्मा सोडला ही बोचणी त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

आईकडे याचं उत्तर नाही, फक्त एक रीत आहे. करडू व्यालं की तासाभराच्या आत त्याला चीक पाजते. पुढे रोज आधी करडू सोडते, ते ढुशा देऊन पिऊन घेतं, मग ती धारेला बसते. संक्रांतीला चीजसाठी दूध कमी पडत होतं, मी म्हटलं, आज करडं थोडी उशिरा सोडू. ती म्हणाली, "आधी त्येंचं, मग आपलं." मी गप्प बसले आणि दीड लिटरचंच चीज केलं.

दुसऱ्या दिवशी चक्का सोडला, मीठ-मिरी-लसूण घातली, बाजरीच्या भाकरीवर लावून आईला दिला. तिने चाखला. "ह्ये तिकडं इकत्यात?" मी किंमत सांगितली. ती बराच वेळ हसली. मग बाहेर जाऊन दावणीतला बोकड सोडला आणि पलीकडच्या चिंचेखाली बांधून आली.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. दोन शेळ्यांवर घरापुरतं चीज होईल, आठवड्यातून एकदा. धंदा होणार नाही. पहाटेची धार चुकवता येणार नाही, गावी जायचं तर शेळ्या कुणाकडे ठेवायच्या ते बघावं लागेल. हे सगळं चालणार असेल, तर जरूर पाळा. नाहीतर जवळच्या शेळीपालक बाईकडून दूध विकत घ्या, तिने सांगितलेला भाव द्या, आणि चक्का घरी बांधा. तिच्या कष्टाचंही चीज होईल.

मी आता चहात शेळीचं दूध घेते. इकडे मिळतं तेव्हा.