अंगठा आणि अक्षर

सिहोरा हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. समुद्र येथून शेकडो कोस दूर आहे. तरीही समुद्रापलीकडे गेलेल्या माणसांच्या कहाणीचा एक धागा या परिसरापर्यंत येऊन पोहोचतो. १८६७ मध्ये अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग सिहोऱ्यावरून जबलपूरपर्यंत पोहोचला आणि मार्च १८७० मध्ये तो मुंबईहून आलेल्या लोहमार्गाला जोडला गेला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन मोठी बंदरे रेल्वेने जोडली गेली, ती या वाटेने. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता, अशा गावांनाही बंदर जवळ आले. पुढील काळात उत्तर हिंदुस्थानातून आणि मध्य प्रांतातून अनेक मजूर रेल्वेने कलकत्त्याला नेले गेले आणि तेथून जहाजात बसवून दूरच्या ऊसमळ्यांवर धाडले गेले.

एकोणिसावे शतक हे स्थलांतराचे शतक होते. त्याच काळात युरोपातील लक्षावधी माणसे अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेला जात होती. दोन्हीकडे घर सोडण्याची कारणे बरीचशी सारखी होती : भूक, कर्ज, हातून गेलेली जमीन आणि उद्याची काळजी. दोन्हीकडे वाहन एकच होते, वाऱ्यावर चालणारे शिडाचे जहाज. परंतु इतिहासाने या प्रवाशांना दोन वेगळी नावे दिली. अमेरिकेला गेलेला तो धाडसी वसाहतकार आणि हिंदुस्थानातून गेलेला तो कुली. हा फरक धाडसाचा होता काय?

अटलांटिकवरील प्रवास सुखाचा नव्हता. लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला पोहोचण्यास शिडाच्या जहाजाला साधारणपणे पाच ते सहा आठवडे लागत. वारा पडला, तर त्याहून अधिक. गरीब प्रवाशांची सोय डेकच्या खालच्या, अंधाऱ्या आणि कोंदट मजल्यावर केलेली असे. गर्दी इतकी असे, की अमेरिकेला १८१९ मध्ये कायदा करून जहाजाच्या दर पाच टन भारक्षमतेमागे दोनच प्रवासी, अशी मर्यादा घालावी लागली. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने बुडाले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक माणसांनी देश सोडला. १८४७ मध्ये कॅनडातील ग्रोस बेटावरच्या विलगीकरण केंद्रात पाच हजारांहून अधिक स्थलांतरितांना मूठमाती देण्यात आली. त्या जहाजांना लोक ‘शवपेटीची जहाजे’ म्हणू लागले.

युरोपातून जाणारा प्रत्येक जण स्वतंत्र होता, असेही नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकांत अमेरिकेतील वसाहतींत गेलेल्या युरोपीयांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे भाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षांच्या चाकरीचा करार करून गेली होती. आणि याच महासागरावरून सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना साखळदंडात जखडून नेण्यात आले. त्यांना करार नव्हता, मजुरी नव्हती आणि परतीची आशाही नव्हती. म्हणून समुद्र ओलांडला एवढ्यावरून माणसाचे भाग्य ठरत नाही. तो कोणत्या अटीवर ओलांडला, यावर ते ठरते.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा ऑगस्ट १८३४ मध्ये अमलात आला. ऊसमळ्यांच्या मालकांना स्वस्त मजूर हवे होते. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ हे जहाज ३६ मजुरांना घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात पोहोचले. जानेवारी १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजे कलकत्त्याहून निघाली. अटलांटिक ओलांडून ५ मे रोजी ती दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील ब्रिटिश गयानाला लागली. ‘व्हिटबी’ने समुद्रावर ११२ दिवस काढले होते. म्हणजे अटलांटिकवरील शिडाच्या जहाजांची कथा केवळ युरोपीयांची नाही, ती हिंदुस्थानी माणसांचीही आहे. १८५६-५७ मध्ये कलकत्त्याहून कॅरिबियन बेटांकडे निघालेल्या जहाजांवर मृत्यूचे सरासरी प्रमाण सुमारे १७ टक्के होते.

या प्रवासात मराठी माणूसही होता. रत्नागिरी, सातारा आणि कोल्हापूरकडील कुटुंबे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली. समुद्र ओलांडला की जात जाते, या समजुतीची भीती त्यांच्याही मनात होती. ती भीती पोटाच्या भीतीपुढे हरली. जहाजावर एकाच भांड्यातील अन्न खाताना जातींच्या भिंती सैल झाल्या आणि ‘जहाजी भाई’ हे नवे नाते जन्माला आले. या मराठी माणसांच्या वंशजांनी आपली भाषा आणि गणेशोत्सव जपला. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने आजही गायिली आणि नाचली जाते. मजूर जेथे उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

या मजुरांना ‘गिरमिटिया’ म्हणत. ‘ॲग्रिमेंट’ या इंग्रजी शब्दाचा ‘गिरमिट’ झाला आणि त्यावरून हे नाव पडले. शब्दाची ही मोडतोड गमतीची वाटते, परंतु तिच्यात एक विदारक सत्य दडलेले आहे. ज्या कागदाने माणसाच्या आयुष्याची पाच वर्षे बांधून टाकली, त्या कागदाचे नावदेखील त्याला नीट उच्चारता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे, हे त्याला कोणी सांगेल तेवढेच कळत असे. आणि सांगणारा बहुधा ‘अरकाटी’, म्हणजे माणशी पैसे मिळवणारा दलाल असे. मॉरिशसच्या मळ्यावर एक दिवस कामाला आले नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार मोडणे हा तेथे फौजदारी गुन्हा होता आणि त्यासाठी तुरुंगात जावे लागे.

येथेच दोन प्रवासांमधील खरा फरक दिसतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उतरलेल्या बहुतेक युरोपीय मजुरांना मालक पसंत नसेल, तर तो बदलता येत असे. १८६२ च्या कायद्याने तेथे स्थायिक होऊ इच्छिणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू शकत होती. ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हेही विसरता येणार नाही. शिवाय त्यांच्यापैकी अनेकांना लिहिता-वाचता येत होते. अमेरिकेतून आलेली पत्रे नॉर्वे, जर्मनी आणि आयर्लंडमधील खेड्यांत मोठ्याने वाचली जात. मजुरी किती, जमीन कशी, कोणत्या दलालापासून सावध राहावे, हे मागून येणाऱ्यास घरबसल्या समजे. गिरमिटियांच्या गावांत अशी पत्रे क्वचितच येत. पुढे गेलेल्याचा अनुभव मागे राहिलेल्यापर्यंत पोहोचत नसे आणि त्यामुळे तीच फसवणूक नव्या माणसाच्या बाबतीत पुन्हा करता येत असे.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की हे मजूर स्वेच्छेने गेले होते आणि त्यांचे वंशज आज सुखात आहेत. पहिल्या विधानात काही तथ्य आहे. सगळेच फसवून नेलेले नव्हते. कोणी दुष्काळातून, तर कोणी घरच्या जाचातून सुटण्यासाठी गेले. परंतु अर्ध्या माहितीवर दिलेल्या संमतीला पूर्ण संमती म्हणता येत नाही. वंशजांच्या सुखाचे श्रेय तर त्या पूर्वजांच्या कष्टांना आहे, त्यांना बांधणाऱ्या कराराला नव्हे.

हे लोक मुकाट्याने सोसत राहिले, हेही खरे नाही. १८७१ मध्ये मॉरिशसमधील ९,४०१ जुन्या मजुरांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज राज्यपालांकडे दिला. आडोल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने त्यांना साह्य केले. त्या अर्जाचा परिणाम म्हणून चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. एका कागदाने त्यांना बांधले होते, दुसऱ्या कागदाने त्यांच्या तक्रारीला वाचा फोडली. अक्षराचे सामर्थ्य दोन्ही बाजूंनी चालते. ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न ज्यांच्या कार्यात स्पष्ट दिसतो, ते गोपाळ कृष्ण गोखले. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून मजूर मॉरिशसला गेले, त्याच जिल्ह्यातील कोतळूक येथे १८६६ मध्ये त्यांचा जन्म झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. करारातील दोन्ही पक्ष समान नाहीत आणि परदेशात कोणत्या कडक कायद्याखाली राहावे लागेल, हे निरक्षर मजुराला आधी सांगितलेच जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ठरावाच्या बाजूने २२ आणि विरुद्ध ३३ मते पडली. त्याच महिन्यात, १९ मार्च रोजी, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या दिशेने त्यांनी मांडलेले विधेयकही १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

एकाच महिन्यातील हे दोन पराभव वेगवेगळे मानता येणार नाहीत. न वाचता येणारा मजूर मिळत राहावा, यासाठी न शिकलेले मूल असावेच लागते. गोखले १९१५ मध्ये निवर्तले. पुढे मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये मजुरीच्या पद्धतीविरुद्धचा ठराव पुन्हा मांडला. मार्च १९१७ मध्ये मजूरभरती थांबली आणि १९२० च्या आरंभी फिजीतील शिल्लक करारही रद्द झाले. शिक्षणाच्या प्रश्नाला मात्र कितीतरी अधिक काळ लागला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकाचा पराभव होऊन तेव्हा ९८ वर्षे लोटली होती. मधल्या काळात ज्यांचे बालपण शाळेविना गेले, त्यांचे नुकसान या कायद्याने भरून निघाले नाही.

शिडाची जहाजे आता इतिहासजमा झाली आहेत. परंतु पोटासाठी घर सोडणारी माणसे थांबलेली नाहीत. कोणी बांधकामावर जातो, कोणी ऊसतोडीला, तर कोणी आखाती देशांत. त्यांच्यापुढेही कोणीतरी एक कागद सरकवतो आणि सहीची जागा दाखवतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कामगाराला पासबुक देण्याची तरतूद होती आणि त्यातील मजकूर कामगाराच्या भाषेतही असावा, असे म्हटले होते. तरतूद चांगली होती. परंतु मजकूर स्वतःच्या भाषेत असला, तरी तो वाचता आला नाही, तर त्या पासबुकाची किंमत कोऱ्या वहीएवढीच राहते. कायदा माणसाच्या हातात कागद देऊ शकतो. त्या कागदाचा अर्थ लावण्याची शक्ती शिक्षणानेच येते.

प्रौढ वयात अक्षर गिरवणाऱ्या माणसाला पुष्कळदा विचारले जाते, ‘आता या वयात शिकून काय करणार?’ या प्रश्नाचे उत्तर गिरमिटियांच्या इतिहासात आहे. मजुरी किती ठरली, मुदत केव्हा संपते, परतीचे भाडे कोण देणार आणि काम सोडल्यास काय होईल, हे स्वतः वाचून पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. न समजलेल्या कागदावर सही करण्यास नकार देणे, ही तर त्याहून मोठी गोष्ट आहे. शिकण्याचे वय एकदाच येत नाही. ज्या ज्या दिवशी कोणी सही मागतो, त्या प्रत्येक दिवशी ते नव्याने येते.

गिरमिटियांना कुली म्हणून विसरून जाणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय ठरेल. अज्ञात समुद्रावर निघताना अमेरिकेच्या वसाहतकाराने जे धैर्य दाखवले, तेच त्यांनीही दाखवले. उणीव त्यांच्या धैर्यात नव्हती. त्यांना अक्षरापासून दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेत ती होती. ती उणीव जेथे जेथे उरली आहे, तेथे ती दूर करणे हेच त्यांचे खरे स्मारक होय.