आजोबांचं माळवद



मे महिन्याच्या सुट्टीत आटपाडीला गेलो, तेव्हा घरात एकच विषय चालू होता. आजोबांनी बांधलेलं माळवदाचं घर पाडायचं आणि स्लॅबचं बांधायचं. आण्णा म्हणाले, "तू सिव्हिलला आहेस, तूच सांग." खरं सांगतो, तीन वर्षं शिकूनही उत्तर देता आलं नाही. बीमचं डिझाइन येतं, पण ज्या घरात वाढलो ते कसं उभं आहे, हे ठाऊक नव्हतं!

मग टेप घेऊन मापं घेतली. दगड-मातीची भिंत अडीच फूट जाड. लाकडी खांबांवर तुळया, त्यावर फळ्या, पाला आणि सगळ्यात वर फूटभर पांढरी माती. आपला माणदेश पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा, म्हणून मातीचं सपाट छप्पर चालतं. कोकणात ते एका पावसाळ्यात बसलं असतं. दुपारचं ऊन एवढ्या जाडीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. शेजारच्या स्लॅबखाली मात्र रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकतो.

पण हॉस्टेलवर बसून "जुनं ते सोनं" म्हणणं सोपं आहे. आजीनं विचारलं, "दर मिरगाच्या आधी वर माती कोण चढवणार? तू येणार का?" मी गप्प. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप कसा विसरणार? अशाच भिंती आणि जड माळवदाखाली हजारो माणसं गेली. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर, पण त्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की थर सुटतात.

याला उपाय आहे. भारतीय मानक १३८२८ सांगतं, की दर ६० सेंटिमीटर उंचीला, १.२ मीटरच्या आत एक आरपार दगड हवा. जुन्या भिंतीतही भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरता येतं. छपरावरची माती कमी करून खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तर ओझंही घटतं आणि गळतीही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घर पाडू नये, मजबूत करावं. आण्णांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. तोवर खर्चाचा अंदाज काढायचाय. सर, एखादा प्रोजेक्ट यावर देता येईल का? आणि पोरांनो, तुम्हीही घरी जाताना टेप घेऊन जा. घर एकदा पाडलं की मापं कुणाची घेणार?