‘अंतराळात विसरलेला माणूस’ : एका लाडक्या दंतकथेचा समाचार

सोव्हिएत संघ कोसळला, अंतराळवीर सर्गेई क्रिकाल्योव ‘मीर’ स्थानकावर एकटाच अडकला, त्याला परत आणायला देशच उरला नाही. दर डिसेंबरात ही कथा समाजमाध्यमांवर नव्याने फिरते. कथा हृद्य आहे; इतिहास म्हणून मात्र ती टाकाऊ आहे.

‘अडकला’ हा शब्दच घ्या. क्रिकाल्योव १८ मे १९९१ रोजी बायकोनूरहून निघाले. त्यांच्या संपूर्ण मुक्कामात स्थानकाला सोयूझ यान जोडलेले होते. परतीची वाट कधीच बंद झाली नाही. ती धरली असती तर मीर ओस पडले असते, एवढेच.

‘एकटाच’ हे तर धादांत खोटे. ऑक्टोबरपर्यंत अनातोली आर्त्सेबार्स्की सोबत होते. जुलैत या दोघांनी स्थानकाबाहेर ‘सोफोरा’ हा १४ मीटरचा मनोरा उभारला. त्या कामात आर्त्सेबार्स्कींच्या शिरस्त्राणाची काच बाष्पाने आंधळी झाली, तेव्हा क्रिकाल्योव यांनीच त्यांना वाट दाखवत आत आणले. (खरे नाट्य हवे असेल, तर ते इथे आहे.) ऑक्टोबरनंतर अलेक्सांद्र वोल्कोव सोबतीला आले.

मग मुक्काम लांबला कशाने? उत्तर डिसेंबरात नाही, जुलैत आहे. ऑगस्टमधील फसलेल्या उठावाच्याही आधी. खर्चकपातीत पुढील दोन उड्डाणांचे एकच उड्डाण झाले. यानात आसने तीन. एक वोल्कोव यांचे. दुसरे ऑस्ट्रियाने पैसे मोजून घेतलेले. तिसरे कझाकस्तानच्या तोक्तार औबाकिरोव यांना दिले गेले, कारण बायकोनूर कझाक भूमीवर होते आणि तेथील नेतृत्वाला दुखावणे मॉस्कोला परवडणारे नव्हते. औबाकिरोव निष्णात वैमानिक होते, पण दीर्घ मुक्कामाचे प्रशिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. साहजिकच बदली अभियंता आलाच नाही. क्रिकाल्योव यांना थांबण्याविषयी विचारण्यात आले आणि त्यांनी होकार दिला.

म्हणजे एका माणसाचे पाच महिने आसनांच्या सौद्यात खर्ची पडले. ‘देश विसरला’ म्हटले की हा सौदा करणारे नामानिराळे राहतात. शिवाय जानेवारी १९९२ मध्ये दरनियंत्रण उठून महागाईने पगार गिळले, तरी मॉस्कोजवळच्या नियंत्रण केंद्रात पाळ्या चालू ठेवणारे लोकही पुसले जातात. त्याच महिन्यात प्रोग्रेस मालवाहू यान मीरला पोहोचले होते. विसरलेल्या माणसाला कोणी रसद पाठवते काय?

२५ मार्च १९९२ रोजी, ३११ दिवसांनंतर, क्रिकाल्योव अर्कालिकजवळ उतरले. ती भूमी आता स्वतंत्र कझाकस्तानची होती. त्यांचे जन्मगाव लेनिनग्राद आता सेंट पीटर्सबर्ग झाले होते. पण ‘शेवटचा सोव्हिएत नागरिक’ ही पदवी त्यांना एकट्याला बहाल करणाऱ्यांनी त्याच कुपीतून उतरलेल्या वोल्कोव यांच्याकडेही पाहावे. त्यांचा जन्म होर्लिव्काचा. ते गाव आता युक्रेन नावाच्या वेगळ्याच देशात होते.