वकिलातीची भाषा

परराष्ट्रातला राजदूत म्हटला की आपल्या पांढरपेशा घरांत एक ठरीव चित्र उभे राहते. बंद गळ्याचा कोट, हातात पेला आणि जिभेवर अस्खलित इंग्रजी. मुलगा त्या वाटेने जाईलसे वाटले की आईबाप त्याच्या इंग्रजी उच्चारांवर पैसा ओततात. पण ज्या मुलखात जायचे त्या मुलखाची भाषा? ती काय, दुभाषे असतातच की! या 'असतातच की'शी माझे भांडण आहे.

चिन्यांचे पाहा. मा चिएन नावाचा युन्नानचा तरुण 1931 साली कैरोला गेला, अल्-अझहरमध्ये शिकला, 1939 साली परतला आणि 1946 साली त्याने पेकिंग विद्यापीठात अरबीचा विभाग उभा केला. नव्या चीनला मान्यता देणारा पहिला अरब देश इजिप्त; ती मान्यता आली 1956 साली. म्हणजे दार उघडण्याआधी दहा वर्षे किल्ली घडवणे चालू होते! वू सिके हा पुढच्या पिढीतला. अरबी शिकून परराष्ट्र खात्यात शिरला, सौदी अरेबियात आणि इजिप्तमध्ये राजदूत झाला, 2009 साली मध्यपूर्वेसाठी चीनचा खास दूत नेमला गेला. एक भाषा आणि एक जन्म! चीनच्या राज्यपद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत, आणि 1962 साल मी विसरलेलो नाही. पण शत्रूचेही चांगले ते उचलावे.

आणि आपण? आपल्या घरचा माणूस अरबांच्या राजधानीत होता हेही आपल्याला ठाऊक नसते. सूर्यनमस्कार घराघरांत पोचवणारे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सर्वांना माहीत. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत 1966 ते 1969 कैरोत भारताचे राजदूत होते, हे किती वाचकांना आठवते? नेमक्या त्याच वर्षांत चीनचा राजदूत तिथे होता ह्वांग ह्वा. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत चीनने जगभरचे आपले राजदूत माघारी बोलावले. एकटा ह्वांग ह्वा कैरोत ठेवला. जून 1967 मध्ये युद्ध पेटले. सुएझ कालवा बंद पडला तो 1975 पर्यंत, आणि मुंबईची विलायती बोट आफ्रिकेला वळसा घालू लागली. गाझात संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत असलेले आपले जवान त्या युद्धात मारले गेले. अशा शहरात एक मराठी माणूस आणि एक चिनी माणूस आपापल्या देशांचे वकील होते, आणि त्या दोन देशांत परस्परांकडे राजदूतसुद्धा नव्हते. हाच ह्वांग ह्वा जून 1981 मध्ये चीनचा परराष्ट्रमंत्री म्हणून दिल्लीला आला. एखाद्या कादंबरीकाराला याहून काय हवे? पण आमच्या कादंबऱ्या पुण्याच्या पुढे जातात कुठे!

सरकारला सगळाच दोष देता येणार नाही. परराष्ट्र सेवेत निवडल्या गेलेल्या प्रत्येकाला एक परकी भाषा शिकावीच लागते, आणि तीत अरबी आहे. कोल्हापूरकडच्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे टोकियोत राहिले, तसे दमास्कसलाही. खेड्यातला पोरगा तिथवर जातो. अडते ते आपल्या उंबरठ्यावर.

आमच्या देवबागेला एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. गावात अरबी भाषा कुणी शिकत नाही, बोलतात मात्र सगळे: तारीख, हिशेब, मोसम, होडीचे सुकाणू. 'वकील' हा शब्दही तिकडचाच. पेशव्यांचे दरबारोदरबारचे दूत वकीलच म्हणवीत. गावोगावची पोरे आखातात जातात, कफिलाच्या कागदावर सही करतात, आणि तंटा झाला की तिथले न्यायालय त्या कागदाचा अरबी मजकूर प्रमाण मानते. पोराने वाचलेला असतो इंग्रजी, तोही अर्धामुर्धा. पगार बुडाला, पासपोर्ट अडकला की मग वकिलातीच्या दारात रांग.

शाळेत अरबीचा वर्ग काढू म्हटले, तर एक पालक मला म्हणाले, "मास्तरांनू, अरबी शिकान आमचो झील काय मुल्लो होतलो?"

हसू येते आणि संतापही. भाषेला सुंता नसते आणि मुंजही नसते! इजिप्तचे बुत्रोस घाली कॉप्टिक ख्रिस्ती होते. ज्या खलील जिब्रानच्या रूपककथा खांडेकरांनी मराठीत आणल्या, तो लेबनॉनचा ख्रिस्ती, आणि प्रथम लिहिता झाला तो अरबीत. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. इथून ते गाव ते किती दूर? इंग्रजी शिकून कुणाचा झील पाद्री झालेला मी तरी पाहिला नाही.

शिकवायला माणूस कुठला, असाही प्रश्न आला. वीस-वीस वर्षे आखातात काढून परतलेले खलाशी आणि ड्रायव्हर बोलणे शिकवतील. लिपी मौलवी शिकवतील. त्यांना रीतसर मानधन द्यावे आणि वर्ग शाळेच्याच इमारतीत भरवावा, आठवी-नववीसाठी, आठवड्याला दोन तास. सुट्टी संपल्यावर पहिल्या पालकसभेत हा विषय मी पुन्हा मांडणार आहे. त्या गृहस्थांनाही मुद्दाम बोलावणे धाडले आहे.